वेल्डिंग गुळगुळीत दिसतं म्हणून पक्कं असतं का?

मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला, तेव्हा अनावरणाला नऊ महिनेही झाले नव्हते. पुढे चौकशी समितीच्या अहवालाच्या बातम्या आल्या. गंज, कमकुवत सांगाडा आणि चुकीचं वेल्डिंग अशी कारणं त्यात होती. पहिली दोन कुणालाही समजतात. तिसऱ्यापाशी मात्र बऱ्याच जणांची गाडी अडली. ठिणग्या उडाल्या, दोन तुकड्यांचा एक झाला, हलवून बघितलं तर हलत नाही; मग त्यात बरोबर आणि चूक असं काय उरतं?

प्रश्न पुतळ्यापुरता नाही. गच्चीवर हजार लिटरच्या टाकीखालचा स्टँड, गॅलरीचं रेलिंग, सोसायटीचं फाटक, पार्किंगची शेड, उसाची ट्रॉली हे सगळं वेल्डिंगवर उभं आहे. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन वजन, तेही डोक्यावर. आणि काम ताब्यात घेताना आपण बघतो काय, तर फिनिशिंग. जोडावरून हात फिरवायचा, गुळगुळीत लागला की कारागीर चांगला. ही तपासणी निरुपयोगी तर आहेच, बऱ्याचदा तिच्यापायीच चांगला जोड बिघडतो.

ठिणगीच्या आत काय चालतं

वेल्डिंग मशीन मेनची वीज घेऊन तिचा दाब उतरवतं आणि प्रवाह वाढवतं. काम चालू असताना वितळून जोडात भरणाऱ्या धातूच्या कांडीच्या, म्हणजे रॉडच्या टोकाशी जेमतेम २०-२५ व्होल्ट असतात, पण प्रवाह ७० ते १५० अँपिअर. रॉड लोखंडाला टेकवून दोन-तीन मिलिमीटर वर उचलला की मधल्या फटीत विजेची ज्योत पेटते. तिला आर्क म्हणतात. तिथलं तापमान पाच हजार अंशांच्या वर जातं. लोखंड तर पंधराशेच्या आसपासच पाणी होतं.

आर्कखाली दोन्ही तुकड्यांच्या कडा वितळतात, रॉडचं टोक वितळून त्यात उतरतं आणि वाटाण्याएवढं तापलेलं डबकं तयार होतं. कारागीर ते डबकं सांधभर पुढे ओढत नेतो. मागचं गोठत जातं. ही गोठलेली रेघ म्हणजे रन. थोडक्यात, प्रत्येक रन हे साच्याशिवाय, काही सेकंदांत केलेलं छोटंसं ओतकाम आहे. ओतकामात जे जे बिघडतं ते सगळं इथेही बिघडतं, फक्त मिलिमीटरच्या मापात.

सगळ्यात वाईट दोष डोळ्यांना दिसत नाही. फरशीवर मेणबत्तीचा थेंब पडला की घट्ट बसल्यासारखा वाटतो, पण नखाने उचकटला की अख्खा निघून येतो, कारण खालची फरशी वितळलेलीच नसते. रॉडचा थेंब गार लोखंडावर पडला तर अगदी हेच होतं. दोन्ही धातू एकजीव होण्याला फ्युजन म्हणतात. फ्युजन झालेलं नसतानाही रन सुरेख दिसू शकतो.

रेलिंगच्या खांबाचं उदाहरण घ्या. खांब १८ गेजच्या चौकोनी पाइपचा, म्हणजे भिंत सुमारे १.२ मिमी. खालची बेसप्लेट ६ मिमी. करंट वाढवला तर पाइपला भोक पडतं, म्हणून कारागीर करंट उतरवतो. आता पाइप नीट वितळतो, पण पाचपट जाड प्लेट उष्णता शोषून घेते आणि गारच राहते. रन पाइपला धरतो आणि प्लेटवर नुसता टेकतो. तो पाच-सहा वर्षं टिकेलही. मग एखाद्या लग्नात दहा माणसं एकदम रेलिंगला रेलतात आणि खांब बुडातून स्वच्छ उपटून येतो. प्लेटवर रनची फक्त सावली राहते. उपाय साधा आहे: आर्कचा रोख प्लेटवर ठेवायचा, तिथे डबकं तयार होऊ द्यायचं आणि पाइपला ते नुसतं चाटवायचं. मुळात अशा खांबाला १४ गेजचा, म्हणजे २ मिमीचा पाइप घेतला तर निम्मी कटकट मिटते.

रॉडवरचं आवरण

रॉडची आतली तार लोखंडाचीच असते. खरी कारागिरी तिच्यावरच्या राखाडी आवरणात आहे. ते जळून धूर होतो आणि हा धूर डबक्याभोवतीची हवा बाजूला सारतो. उरलेलं आवरण वितळून डबक्यावर दुधाच्या सायीसारखं तरंगतं आणि गोठतं. तो स्लॅग. वितळलेल्या लोखंडात हवा शिरली की गोठताना वायूचे बुडबुडे अडकतात आणि जाळी पडते. अनारशाला जाळी शोभते, वेल्डला नाही.

पाकिटावर ई ६०१३ किंवा ई ७०१८ असा आकडा असतो. पहिले दोन अंक रॉडच्या धातूची ताणशक्ती सांगतात: ६० म्हणजे दर चौरस इंचाला ६० हजार पौंड. साध्या बांधकामाच्या लोखंडाची ताकदही साधारण तेवढीच असते, त्यामुळे ग्रिल-फाटकाला ६०१३ पुरतो. तो पेटायला सोपा, दिसायला छान, स्लॅग सहज निघणारा. जाड प्लेट, क्रेन, पूल, ज्यावर हिसके बसतात असं काम, तिथे ७०१८. तो चालवायला अवघड, आणि त्याचे नखरे पुढे येतीलच.

करंट रॉडच्या जाडीवर ठरतो. २.५ मिमी रॉडला साधारण ६० ते ९० अँपिअर, ३.१५ मिमीला ९० ते १३०. पण मशीनवरचा काटा म्हणजे ब्रह्मवाक्य नाही. साइटवर तीस-चाळीस मीटर बारीक वायरचं एक्स्टेन्शन ओढून मशीन लावलं की दाब वायरीतच गळतो. आर्क मऊ पडतो, रॉड जॉबला, म्हणजे जोडायच्या तुकड्याला चिकटतो, कारागीर तो हिसकून सोडवतो, पुन्हा पेटवतो. प्रत्येक वेळी सुरुवातीचा अर्धा सेंटिमीटर थंडच. जवळ उभं राहून नुसतं ऐकलं तरी हे कळतं. नीट चाललेल्या वेल्डिंगचा आवाज कढईत भजी सोडल्यासारखा एकसंध चरचरतो. फट-फट, फुस्स, पुन्हा फट असं चाललं असेल तर काम थांबवून आधी वायर बघावी.

गुळगुळीत करण्याच्या नादात

आता मूळ तक्रारीकडे. दोन पट्ट्या काटकोनात जोडल्या की कोपऱ्यात तिकोनी रन बसतो. त्याला फिलेट म्हणतात. घरगुती कामातले बहुतेक जोड हेच. पट्टीवर त्याची जी बाजू टेकते ती लेग. पण जोडाची ताकद लेगवर ठरत नाही. कोपऱ्यापासून रनच्या बाहेरच्या पृष्ठभागापर्यंत जे सगळ्यात कमी अंतर असतं, त्यावर ठरते. त्याला थ्रोट म्हणतात आणि तो लेगच्या ०.७ पट असतो. लेग ६ मिमी, तर थ्रोट ४.२ मिमी.

हा ४.२ मिमी किती पेलतो? लोखंडी बांधकामाच्या भारतीय मानकाप्रमाणे, म्हणजे आयएस ८०० प्रमाणे, साध्या लोखंडावर ६ मिमी लेगचा १०० मिमी लांब रन वर्कशॉपमध्ये नीट मारला तर हिशेबाला सुमारे ८ टन धरतात. हाच रन साइटवर मारला तर साडेसहा टनांच्या थोडं वर. लोखंड तेच, रॉडही तोच. फरक एवढाच की वारा, उलटी पोझिशन आणि घाई यांची वजावट मानकानेच आधी करून ठेवली आहे.

म्हणजे बोटभर चांगला रन टाकीच्या स्टँडला रग्गड आहे. मग ग्राहक म्हणतो, "वेल्डिंग दिसतंय, जरा साफ करा." ग्राइंडर फिरतो. फुगीर रन सपाट होतो, मग खोलगट होतो. थ्रोट ४.२ वरून दोनावर आला की ताकद निम्म्याहून खाली. वरून पुट्टी, त्यावर रंग. आता काचेसारखं गुळगुळीत दिसतं आणि खाली किती लोखंड उरलं हे कुणालाच सांगता येत नाही. मार्केटिंगच्या भाषेत याला प्रीमियम फिनिश म्हणतात.

घासायचंच असेल तर दिसणारे, भार नसलेले जोड घासावेत. भार घेणाऱ्या कोपऱ्यातला रन खवल्याखवल्यांचा, स्लॅग काढून ब्रश मारलेला, तसाच राहू द्यावा. माशाच्या खवल्यांसारख्या सारख्या लहरी म्हणजे हात एका वेगाने चालला याची खूण, पुसून टाकावी असं त्यात काही नाही.

पट्टीला पट्टी टोकाशी टोक लावून जोडायची असेल तर घासून सपाट केलं तरी चालतं, पण तिथे अट वेगळी. पाच-सहा मिलिमीटरच्या वर जाडी गेली की कडांना उतार देऊन मध्ये साधारण ६० अंशांचा व्ही करावा लागतो आणि तळाशी २-३ मिमी फट ठेवावी लागते, तरच रन बुडापर्यंत उतरतो. दहा मिलिमीटरच्या दोन प्लेटा नुसत्या भिडवून वरून रन मारला आणि तो घासला, तर आतली बरीचशी जाडी जोडलेलीच नसते.

"मग डबल रन मारून टाका ना!"

हा सल्ला सगळे देतात, अगदी दुकानासमोर उभा असलेला शेजारीसुद्धा. हिशेब बघा. लेग ६ चा १२ केला तर थ्रोट दुप्पट, ताकद दुप्पट. पण तिकोनाचं क्षेत्रफळ चौपट होतं, म्हणजे रॉड चौपट आणि उष्णताही त्याच प्रमाणात. ती उष्णता फुकट जात नाही, जॉब वाकवते.

वितळलेलं लोखंड गोठताना आणि गार होताना आकसतं. भोवतीचं गार लोखंड त्याला आकसू देत नाही, म्हणून रन आजूबाजूचं सगळं आपल्याकडे ओढतो. वाळत घातलेला पापड एका बाजूने आधी वाळला की वाकडा होतो, तसं. फाटकाची चौकट एका कोपऱ्यापासून सुरू करून ओळीने पक्की करत गेलं की शेवटचा कोपरा जमिनीवर टेकतच नाही. म्हणून आधी सगळीकडे फक्त टाके, म्हणजे ठिपक्याएवढे छोटे रन मारायचे, गुण्या लावायचा, मग कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोन्ही क्रॉस मापं घ्यायची. ती सारखी आली तरच पुढे. नंतर समोरासमोरचे कोपरे आलटून पालटून, आणि लांब रन असेल तर हातभर सलग न मारता तुकड्या-तुकड्याने, उलट दिशेने. टाक्यांवर पाच मिनिटं जादा गेली तर पुढचा अर्धा तास घणाने फाटक सरळ करण्यात जात नाही.

उष्णतेचा दुसरा फटका रनच्या शेजारी बसतो. लोहार कोयत्याला पाणी देतो म्हणजे लाल तापलेलं पोलाद एकदम गार करून कडक करतो. कडक झालं की ते ठिसूळही होतं. वेल्डिंगमध्ये नकळत हेच घडतं, फक्त पाण्याच्या जागी शेजारचं गार, जाड लोखंड असतं. साध्या लोखंडात कार्बन कमी, त्याला पाणी फारसं चढत नाही, म्हणून चालून जातं. पण ट्रकच्या पाट्याच्या, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगच्या पट्टीच्या पोलादात कार्बन भरपूर. म्हणून तुटलेल्या पाट्याला कितीही जाड रन मारा, तो रनमध्ये तुटत नाही, रनला लागून तुटतो. कारागिराला शिव्या बसतात. दोष पोलादाच्या जातीचा असतो.

ओला रॉड आणि उशिरा पडणारी भेग

७०१८ चे नखरे म्हणजे हे. त्याचं आवरण हवेतली ओल शोषतं. आर्कमध्ये त्या पाण्यातून हायड्रोजन सुटतो आणि वितळलेल्या लोखंडात शिरतो. लोखंड गोठल्यावर हा हायड्रोजन कडक झालेल्या पट्ट्यात साठत जातो आणि काही तासांनी, कधी दोन-तीन दिवसांनी, आतल्या आत भेग पाडतो. संध्याकाळी तपासलेला जोड परवा सकाळी फाटलेला असतो. म्हणून जाड आणि उच्च ताकदीच्या लोखंडाच्या कामात तपासणी मुद्दाम ४८ तासांनी करतात.

उपाय भट्टीत आहे. उघड्या पाकिटातले ७०१८ रॉड पाकिटावर लिहिल्याप्रमाणे, साधारण २५० ते ३५० अंशांवर एक-दोन तास भाजायचे आणि मग कामापर्यंत गरम डब्यात ठेवायचे. कोकणातल्या जुलैत तर पाकीट फोडलं की घड्याळ सुरू झालंच म्हणून समजा. प्रत्यक्षात काय करतात? रॉड जॉबला टेकवून शॉर्ट करतात, तो लाल झाला की "सुकला" म्हणतात. त्याने तार तापते, आवरण करपतं आणि ओल पुरती जात नाही.

१.२ मिमीच्या ग्रिलला ही सगळी भीती लागू नाही. पातळ, साधं लोखंड, त्यातला हायड्रोजन सहज निघून जातो. तिथे ओल्या रॉडने फार तर जाळी पडेल. जाडी वाढली, पोलाद उच्च ताकदीचं झालं की मात्र हा दोष जीव घेतो.

सहा मिलिमीटरचा एक रन

"एका बारक्या जोडाने काय होतंय" असं वाटत असेल तर उत्तर समुद्रातलं एक वाचा. नॉर्वेच्या तेलक्षेत्रात अलेक्झांडर किलँड नावाचा तरंगता प्लॅटफॉर्म होता. २७ मार्च १९८० रोजी वादळात त्याचा एक पाय तुटला आणि तो उलटला. २१२ पैकी १२३ माणसं गेली. तपासात भेगेचा माग काढत गेले तेव्हा ती एका तिरक्या आधारनळीवर पोचली. त्या नळीला भोक पाडून आवाज टिपणाऱ्या उपकरणाची बैठक बसवली होती आणि ती ६ मिमीच्या फिलेटने जोडली होती. ही बैठक प्लॅटफॉर्मचा भार घेणारी नव्हतीच. त्यामुळे त्या रनकडे कुणी गांभीर्याने बघितलं नाही. भेगेच्या आत रंग सापडला. म्हणजे प्लॅटफॉर्म रंगवला जात होता तेव्हाच तिथे चीर होती.

लाटांच्या प्रत्येक हेलकाव्याने ती चीर केसाएवढी सरकत राहिली. एकदम आलेल्या मोठ्या भाराने नव्हे, तर हजारो वेळा आलेल्या लहान भाराने लोखंड तुटण्याला फटीग म्हणतात. तार पुन्हा पुन्हा वाकवून तोडतो, तेच. वाऱ्यात डुलणारं होर्डिंग, खड्ड्यांतून जाणारी ट्रॉली, रोज शंभरदा आपटणारं फाटक, सगळीकडे फटीग आहे. आणि वेल्डिंगने जोडलेल्या सांगाड्यात भेगेला अडवायला मध्ये कुठे खंड नसतो. आधारावर लावलेल्या फालतू पट्टीतून ती सरळ आधारात उतरते. म्हणून भार घेणाऱ्या खांबावर नंतर येऊन वायर अडकवायला हुक मारणं, बोर्डासाठी पट्टी झाळणं, किंवा रॉड पेटतो का हे बघायला खांबावरच घासणं, या तिन्ही सवयी वाईट. घासलेली जागाही क्षणात तापून गार होते आणि तिथे पाणी चढलेला ठिसूळ ठिपका राहतो.

गंज आतून येतो

दोन-दोन इंचांवर टाके मारून मधली फट पुट्टीने भरणं ही ग्रिलवाल्यांची जुनी युक्ती. ताकदीला कदाचित पुरेल, पण पावसाचं पाणी फटीत शिरतं आणि बाहेर पडत नाही. चौकोनी पाइपच्या रनमध्ये सुईएवढं भोक राहिलं तरी पाणी आत उतरतं. पाइप बाहेरून रंगवलेला आणि आतून गंजत चाललेला. एक दिवस अंगठा दाबला की आत जातो. उघड्यावरच्या पाइपचे जोड सगळीकडून सलग बंद हवेत, टोकाला टोपी हवी.

स्लॅग न काढता रेड ऑक्साइडचा प्रायमर मारणं हा दुसरा गुन्हा. काही महिन्यांत स्लॅगची खपली रंगासकट उडते आणि नेमकी जोडावरच उघडी जागा राहते. उडालेल्या ठिणग्यांचे चिकटलेले मणीही खरवडून काढावेत.

जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या पाइपाचं गणित निराळं. त्यावरचं जस्त ९०७ अंशांना उकळतं, म्हणजे लोखंड वितळण्याच्या बरंच आधी. त्याची वाफ डबक्यात शिरून जाळी पाडते, आणि पांढरा धूर कारागिराच्या छातीत गेला की त्याच संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो. दूध प्यायल्याने तो टळत नाही. जोडाजवळचं जस्त आधी घासून काढणं, मोकळ्या हवेत काम करणं आणि तोंडाला धातूच्या धुरासाठीचा मास्क, हाच इलाज. काम झाल्यावर उघड्या पडलेल्या पट्ट्याला झिंकचा प्रायमर दोन हात. हे कुणी करत नाही, म्हणून जीआयचं शेड पहिल्यांदा जोडांपाशीच लाल होतं.

समुद्राकाठी हे सगळं कित्येक पटींनी लवकर घडतं. खारी ओल फटीत बसली की वाळतच नाही, आणि दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले असले तर त्यातला एक दुसऱ्यापायी जास्त वेगाने झिजतो. कांशाच्या पुतळ्याच्या आत लोखंडी सांगाडा असेल तर झिजतं ते लोखंड.

"पण आता तर सीओटू आणि लेझर आलंय"

सीओटू वेल्डिंगमध्ये रॉडऐवजी रिळावरून सलग तार येते आणि आवरणाऐवजी सिलिंडरमधला वायू हवा अडवतो. वेग तिप्पट, स्लॅग जवळजवळ नाही. पण वायूचा हा पडदा इतका नाजूक की नुसता पंखा समोर लावला तरी तो उडतो आणि रन जाळीदार होतो. कमी व्होल्टेजवर जाड प्लेटला मारलं तर मेणबत्तीचा थेंब इथेही, तोही जास्त देखणा. बंद शेडमध्ये सीओटू उत्तम, गच्चीवर रॉडच बरा.

हातात धरायची लेझर गन अलीकडे फॅब्रिकेशनच्या दुकानांत दिसू लागली आहे. पातळ स्टेनलेसला ती अप्रतिम: जॉब वाकत नाही, घासावं लागत नाही. मात्र किरण इतका बारीक की दोन कडांमध्ये जरा फट राहिली तर तो मधूनच निघून जातो. म्हणजे कापणी आणि जुळणी आता जास्त काटेकोर हवी. आणि तो किरण डोळ्यांना दिसतच नाही. चकाकत्या पत्र्यावरून परावर्तित झाला तरी डोळ्याचा पडदा कायमचा जाळतो. त्याला त्याच तरंगलांबीसाठी बनवलेला चष्माच लागतो. वेल्डिंगच्या साध्या काळ्या काचेवर भागवू नये.

तपासायचं कसं

रंग लागायच्या आधी बघायला जा. रंगानंतर बघण्यासारखं काही उरत नाही. रन सलग आहे की टाकेच आहेत? दोन्ही बाजूंना सारखा टेकलाय की एकीकडेच झुकलाय? कडेला नखाने जाणवणारी चर पडलीय का? ती अंडरकट, करंट जास्त झाल्याची खूण. तिथे मूळ पट्टीच पातळ झालेली असते आणि फटीग तिथूनच सुरू होतो. रनच्या शेवटी खळगा राहिलाय का? आर्क घाईने तोडला की तो राहतो आणि त्यात चांदणीसारखी चीर पडते.

संशय असेल तर डाय पेनिट्रंटचे तीन स्प्रे मिळतात. जोड साफ करायचा, लाल रंग मारून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, कापडाने पुसून काढायचा, मग पांढरी पावडर मारायची. वरपर्यंत आलेली चीर असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. आतला दोष मात्र याने कळत नाही. त्याला अल्ट्रासोनिक किंवा एक्स-रे लागतो, आणि तो खर्च क्रेन, बॉयलर, पूल यांनाच परवडतो आणि तिथे तो करायलाच हवा.

साध्या कामासाठी याहून स्वस्त एक चाचणी आहे आणि ती काम देण्याआधी करता येते. सहा मिलिमीटरच्या पट्टीचे हातभर दोन तुकडे, एकावर दुसरा उभा, टी सारखा. कारागिराला सांगायचं, रोजच्याच रॉडने, रोजच्याच करंटवर, फक्त एका बाजूने बोटभर रन मार. गार होऊ द्यायचा. मग उभा तुकडा रन असलेल्या बाजूला घणाने झोपवायचा, जोड तुटेपर्यंत किंवा तुकडा पुरता आडवा होईपर्यंत. आडवा झाला आणि तुटला नाही, तर काम देऊन टाका. तुटला तर तुटलेली जागा उजेडात धरून कोपऱ्याकडे बघा. सगळीकडे राखाडी, दाणेदार धातू दिसला तर लोखंड एकजीव होऊन मग तुटलं आहे. पण कोपऱ्यात पट्टीची मूळ कड सरळ रेघेसारखी शाबूत असेल, तिच्यावर कारखान्यातून आलेली निळसर काळी पापुद्र्याची चमकसुद्धा तशीच असेल, तर आर्क तिथवर पोचलाच नव्हता.